सड्यावरच्या गवतांची नोंदवही

श्रावणात सड्यावरचं गवत ओळखायला जाऊ नये. तेव्हा पवन्या, कुसळी, मारवेल सारं एकच हिरवं. गणपती गेले, पाऊस ओसरला की तुरे बाहेर पडतात. मग भिंगाखाली तुसं, कुसळं आणि केसांची ठेवण पाहून जातीचा निवाडा करता येतो. लव्हाळा तेवढा आधीच पकडता येतो. त्याची दांडी त्रिधारी आणि भरीव, कारण त्याचं कूळच निराळं.

गुराख्याला मात्र भिंगाची वाट पाहून चालत नव्हतं. कुसळी कोवळी असेतो गुरं आवडीने खातात. निबर झाली की तिची कुसळं मेंढ्यांच्या तोंडात, कातडीत रुततात. हरळी गणपतीला वाहायची, बैलांना घालायची. पण तीच काळ्या रानात शिरली की खोल खणून, वेचून काढताना जीव मेटाकुटीला यायचा. ही वर्गवारी कुठे लिहिलेली नव्हती, पण पक्की होती.

ती शास्त्राच्या शेजारी मांडण्याचं मोठं काम एका गोवेकर डॉक्टरने केलं. जुझे कामिलो लिस्बोआ हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले, भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग यांचे सहाध्यायी. मुंबई इलाख्यातली गवतं आणि त्यांचे उपयोग सांगणारी त्यांची यादी १८९६ साली पुस्तकरूपाने निघाली. त्याआधी, १८८९ मध्ये, त्यांच्या पत्नीने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात सुगंधी गवतांवर निबंध लिहून एक नवी जात शास्त्राला दिली. लोक तिला वैदीगवत किंवा उसाधन म्हणत. आज तिचं शास्त्रीय नाव बोथ्रिओक्लोआ ओडोराटा. निबंधावर लेखिकेचं नाव मात्र ‘मिसेस जे. सी. लिस्बोआ’ एवढंच! वनस्पतिशास्त्राच्या आपल्या इतिहासात या बाईंना फार मोठी जागा मिळायला हवी होती.

थिओडोर कुक यांचा इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यान भागाभागाने निघाला. गवतं शेवटच्या भागात आली.

पुढचा धागा पुण्याच्या शेतकी कॉलेजात सापडतो. तिथले आर. के. भिडे गवतांचे जाणकार. एका नव्या जातीला त्यांनी वनस्पतितज्ज्ञ गॅमी यांचं नाव दिलं. ती पुढे डँथोनिडियम या स्वतंत्र प्रजातीत गेली. खुद्द भिड्यांच्या नावाची ‘भिडिया’ ही प्रजातीही आहे, आणि तिच्यातल्या एका जातीत त्याच कॉलेजातले विल्यम बर्न्स अमर झाले आहेत. भिडिया पश्चिम घाटातली. भारताबाहेर ती कुठे उगवत नाही.

सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स मॅककॅन यांनी हे सारं ‘द बॉम्बे ग्रासेस’मध्ये एकत्र आणलं. ग्रंथ १९३५ साली निघाला. ब्लॅटर १९३४ मध्येच गेले होते. त्यानंतर २०१२ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून पोतदार, साळोखे आणि यादव यांचा महाराष्ट्रातल्या गवतांवरचा ग्रंथ आला.