रोगाचा विलग आणि जातीचा विलग : दिघीच्या धक्क्यावरून दिसणारा इतिहास

रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात राजपुरी खाडीच्या मुखाशी दिघी आहे. खाडीपलीकडे आगरदांडा, समोर समुद्रात जंजिरा. होडी किंवा जंगलजेट्टी चालू असेल तर मुरुडचा किनारा हाकेच्या अंतरावर, बंद असेल तर रस्त्याने मोठा वळसा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि अशा सगळ्या वाटा एकाच वेळी बंद झाल्या. मुंबईत कामाला गेलेला चाकरमानी आपल्याच गावाला परका झाला. 'येऊ नका' असे सांगणारी माणसे त्याच्याच भावकीतली होती.

साथीत प्रवास थांबवावा लागतो, बाधिताला वेगळे ठेवावे लागते. हे विज्ञान आहे आणि आपण विज्ञानाच्या बाजूचे आहोत. पण आपल्या देशात 'वेगळे ठेवणे' हा शब्द रोगाच्या आधीपासून वापरात आहे. म्हणून साथीच्या बंदीचा इतिहास वाचताना एक प्रश्न सोडता येत नाही: बंदी कोणावर, कशासाठी आणि कधीपर्यंत?

१८९६ : प्लेग आला, जात गेली नाही

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती मुंबई सोडून गेली. आगबोटींनी, गलबतांनी, रेल्वेने, पायी लोक गावाकडे निघाले. कोकणातला गिरणी कामगारही त्यात होता.

सरकारने सक्तीने रुग्ण हलवायला सुरुवात केली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर पालिकेने सक्ती सैल केली. त्यामागे एक मोठी भीती होती: सफाई कामगार शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही! ज्यांना शिवायचे नाही, त्यांच्यावाचून शहराचा एक दिवस जात नाही, हे सत्य साहेबाला साथीत कळले. पण म्हणून त्यांचे घर बदलले नाही आणि जगणेही बदलले नाही.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले. ते जुलूम खरे होते. बायकांची विटंबना झाली, सामान जाळले गेले. २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. शाळेच्या पुस्तकात प्लेगचा इतिहास बहुधा इथेच संपतो.

पण त्या काळच्या तक्रारींत आणखी एक तक्रार होती. सरकारी इस्पितळात सगळ्या जातींचे रोगी एकत्र ठेवतात, कोणाच्याही हातचे पाणी पाजतात, त्याने धर्म बुडतो. त्यावर तोडगा काय निघाला? जातीजातींची, धर्माधर्मांची वेगळी प्लेग इस्पितळे! जंतूला जात नव्हती, खाटेला मात्र होती.

त्याच पुण्यात सावित्रीमाई काय करत होत्या? लष्करात डॉक्टर असलेला त्यांचा मुलगा यशवंत रजा घेऊन आला आणि हडपसरच्या माळावर माणसांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला माईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. यशवंतरावही पुढे १९०५ मध्ये प्लेगनेच गेले. रुग्णाला वेगळे ठेवणे माईंनीही मान्य केले होते. दवाखाना गावाबाहेर माळावरच होता. फरक इतकाच, की त्या वेगळ्या जागेत त्या स्वतः त्याच्यासोबत गेल्या.

१९१८ : आकडे बोलतात

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मुंबई शहरात कोण किती मेले याची नोंद आहे. दर हजारी मृत्यू असे: युरोपियन ८.३, पारशी ९.०, सवर्ण हिंदू १८.९ आणि ज्यांना नोंदीत 'खालच्या जाती' म्हटले ते ६१.६. सवर्णांच्या तिपटीहून जास्त!

विषाणूने जातीचा दाखला तपासला होता काय? नाही. तो तपासला होता खोलीने, नळाने, गटाराने, पगाराने. एका खोलीत आठ-दहा माणसे राहत असतील तर कोण कोणापासून वेगळे राहणार? घरी राहायला आधी घर लागते.

बाबासाहेबांनी वापरलेला शब्द

साथीच्या काळात बाधित वस्तीभोवती पहारा बसवून आतल्यांना बाहेर आणि बाहेरच्यांना आत जाऊ न देणे, याला 'कॉर्डन सॅनिटेअर' म्हणतात. हाच शब्द बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात गावकुसाबाहेरच्या वस्तीसाठी वापरला आहे. अस्पृश्यता म्हणजे नुसती रोटी-बेटीची बंदी नाही, ती माणसांना जागेने तोडून कुंपणात कोंडणे आहे, असा त्यांचा मुद्दा आहे.

त्याच ग्रंथात ते आणखी खोल जातात. विटाळाची कल्पना जगातल्या अनेक आदिम समाजांत होती, पण तिथे माणूस काही दिवस वेगळा राहायचा, विधी व्हायचा आणि तो परत घरात यायचा. इथला विटाळ जन्माने येतो, वंशाने चालतो आणि कधीच संपत नाही.

मित्रांनो, क्वारंटाइन आणि जात यांतला भेद इथे उघडा पडतो. क्वारंटाइन हा शब्दच चाळीस दिवसांवरून आला आहे. त्याला शेवट आहे. त्याचे कारण रोग आहे आणि तो राजालाही लागू आहे. महारवाड्याला शेवट नव्हता, रोग नव्हता आणि पाटलाला तो कधी लागू नव्हता.

डिसेंबर १९२७ : पाण्यावरची वाट

आता पुन्हा दिघीच्या किनाऱ्याकडे येऊ. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने महाडच्या सत्याग्रह परिषदेला निघाले. धरमतरवरून रस्त्याने जायचे तर मोटारवाल्यांच्या मर्जीवर राहावे लागले असते. त्यांनी ऐनवेळी गाडी नाकारली तर? म्हणून जलमार्ग निवडला. जंजिरा आणि दिघीच्या समोरून याच पाण्यावरून पुढे हरिहरेश्वर, तिथून सावित्रीच्या खाडीने दासगाव. दासगावहून महाड सुमारे पाच मैल, पायीही गाठता येणारे. प्रवासबंदी सरकारी हुकमानेच होते असे नाही. गाडीवाल्याच्या 'नाही'मध्येही ती असते.

महाडला पोहोचल्यावर समोर कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम होता. लोक तळ्यावर जायला तयार होते. बाबासाहेबांनी हुकूम मोडला नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली आणि तळ्याचा खटला कोर्टात लढवला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. कायदा पाळणे म्हणजे गप्प बसणे नव्हे, हा महाडचा धडा आहे.

२०२० : तोच कायदा, तीच खोली

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा लागू झाला. हातावर होम क्वारंटाइनचे शिक्के बसले. १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर घरी जाण्यासाठी मजुरांची गर्दी उसळली. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड इथे रुळांवर झोपलेले पायी निघालेले १६ मजूर मालगाडीखाली मेले. विमानाने आलेल्याला शिक्का मिळाला, चालत निघालेल्याला रूळ मिळाला.

त्याच १४ एप्रिलला आपण काय केले? भीमजयंती घरात साजरी केली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे न जाता घरातून अभिवादन केले. वारीही त्या वर्षी एसटीतून गेली, हे मान्य. पण ऑगस्टमध्ये गणपतीसाठी कोकणात एसटी सोडल्या, एसटीने जाणाऱ्यांना ई-पासची अट काढली, विलगीकरण दहा दिवसांवर आणले. आमचा गणपतीला विरोध नाही. प्रश्न इतकाच, की सणासाठी जी वाट काढता आली, ती एप्रिलमध्ये उपाशी मजुरासाठी का काढता आली नाही?

कोकणात चाकरमान्यांना शाळांत ठेवले. ज्याच्या घरी जादा खोली, तो घरी वेगळा राहिला. बौद्धवाडीतल्या दोन खोल्यांत आणि सामायिक नळावर 'घरी वेगळे राहा' याचा अर्थ काय? त्यात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. काल 'घराबाहेर पडू नका' म्हणणारी यंत्रणा आज 'घर सोडा, निवाऱ्याला या' म्हणत होती. नारळ-सुपारीच्या बागांचे पंचनामे सातबाऱ्यावर होतात. त्या बागेत मजुरी करणाऱ्याचा सातबारा कुठे आहे?

पुढच्या साथीआधी

साथ पुन्हा येईल. तेव्हा आपण मास्क लावू, लस घेऊ, अंतर पाळू. अफवांच्या मागे जाणार नाही. पण प्रत्येक बंदीला चार प्रश्न विचारू. कारण रोग आहे की माणूस? ती सगळ्यांना सारखी आहे का? घरी बसवलेल्याचे धान्य, पाणी, मजुरी कोण देणार? आणि ती कोणत्या तारखेला संपणार?

हे प्रश्न साथ आल्यावर विचारून उपयोग नाही. आजच ग्रामसभेत उभे राहा. वाडीत नळ किती, खोल्या किती, दवाखाना किती लांब, होडी बंद पडली तर रुग्ण कसा न्यायचा, हे लिहून काढा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. १९१८ चे आकडे कोणीतरी लिहून ठेवले म्हणून आज आपण बोलू शकतो. आपले आकडे आपणच लिहायचे आहेत.

रोगाचा विलग चौदा दिवसांत संपला. जातीचा विलग अजून उठलेला नाही.

जय भीम!