लेकींसाठी लिहिलेली कादंबरी

उर्दूतली पहिली मानली जाणारी कादंबरी एका बापाने आपल्या मुलींसाठी लिहिली, हे जामखेडमध्ये कुणाला सांगितलं की नवल वाटतं. मुलींच्या हाती पुस्तक द्यायला मुसलमान बाप नाखूश असतो, असा समज पक्का बसला आहे. तो आपल्याही लोकांत आहे.

त्या बापाचं नाव डेप्युटी नझीर अहमद. बिजनौरकडचे, दिल्ली कॉलेजात शिकलेले. मुली वाचायला शिकल्या, पण त्यांना गोडी लागेल असं पुस्तक सापडेना, म्हणून ते स्वतःच लिहू लागले. थोडी पानं लिहून द्यायची, मुलींनी ती संपवून पुढची मागायची. अशी ‘मिरातुल उरूस’ तयार झाली. १८६९ साली ती प्रसिद्ध झाली आणि वायव्य प्रांताच्या सरकारने तिला १००० रुपयांचं बक्षीस दिलं. थोरली अकबरी लाडावलेली, धाकटी असगरी शिकलेली आणि हिशेबाला पक्की, अशा दोन बहिणींची ही गोष्ट. असगरी सासरची विस्कटलेली घडी नीट बसवते आणि मोहल्ल्यातल्या मुलींना शिकवू लागते.

पण याच लेखकाच्या ‘तौबतुन्नसूह’मध्ये नसूह नावाचा बाप थोरल्या मुलाची, कलीमची, पुस्तकं जाळून टाकतो. कलीम घर सोडतो आणि शेवटी जीव गमावतो. लेकींना पानं लिहून देणाऱ्यानेच हा प्रसंगही लिहिला. मुलाला वाचनाची चटक लागली की ते आपण दिलेल्या पुस्तकावर थांबत नाही, ही धास्ती त्यांना ठाऊक असावी. ती आपल्यालाही आहे. फक्त आता पुस्तकाच्या जागी मोबाइल आला.

१८७७ च्या सुमारास नझीर अहमद निजामाच्या नोकरीत हैदराबादला आले, आणि ते राज्य आमच्या शिवेला लागून होतं. ज्या खर्ड्याला १७९५ साली मराठे आणि निजाम लढले, ते आमच्याच तालुक्यात. शेजारचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाकडे होता. तिकडे कचेरीत उर्दू, इकडे इंग्रजी अमलात मराठी शाळा, आणि सोयरीक दोन्हीकडे. म्हणून आमच्या घरात दोन्ही लिपी वाचणारी माणसं होती.

माझी लेक मराठी शाळेतली. तिला उर्दू समजतं, वाचता येत नाही. मी ‘मिरातुल उरूस’ समोर धरून तिला मराठीत सांगत गेलो, मध्येमध्ये आमची दखनी. ती म्हणाली, “अब्बा, अकबरीला नानीने लाडावलं, मग सगळा दोष तिचाच कसा?” मी तिला हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ दिली. १८९० पासून ‘करमणूक’मध्ये ती क्रमाने येत होती. तिथे यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. मुलगी कशी असावी, हे नझीर अहमद सांगतात. मुलीवर काय गुजरतं, हे यमू सांगते. लेकीला दोन्ही ऐकता यायला हवं.

आपल्यापैकी पुष्कळ घरांत उर्दू वाचणारी दादी किंवा नाना अजून आहेत. त्यांच्यानंतर ही पुस्तकं कपाटात मुकी होतील. त्यांच्याजवळ पोरांना बसवा, रोज दोन पानं वाचून घ्या. आणि पोरांनी उलट प्रश्न विचारला, तर पुस्तक मिटू नका.