खाशाबांचे मौन

खेळाडूंच्या वर्तनाचा विषय निघाला की आपल्याकडे अलीकडे दोन चित्रे शेजारी शेजारी टांगली जातात. एक १९५२ च्या हेलसिंकीचे. थकलेले खाशाबा जाधव अन्याय होत असतानाही मुकाट्याने पुढच्या लढतीला उभे राहतात. दुसरे २ फेब्रुवारी २०२५ च्या अहिल्यानगरचे. महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात एक नामांकित मल्ल पंचांची कॉलर धरतो, लाथ मारतो. या दोन चित्रांचे तात्पर्यही ठरून गेलेले आहे : पूर्वीचे मल्ल संयमी, आताचे उद्दाम. वक्तृत्वस्पर्धांतून, निबंधांतून आणि शिक्षकदिनाच्या भाषणांतून ते ऐकू येते. हे तात्पर्य इतिहासाला धरून नाही, एवढेच येथे मांडायचे आहे.

प्रथम हेलसिंकी. खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा. तांबड्या मातीत घडलेला हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे जमवताना कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. (प्राध्यापकवर्गाने हा तपशील विसरू नये.) बँटमवेट गटात खाशाबांची जपानच्या शोहाची इशी यांच्याशी प्रदीर्घ लढत झाली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मामादबेयोव यांच्याशी लढण्यास सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. मात्र तो नियम पंचांपुढे ठेवण्यासाठी एकही भारतीय पदाधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबा लढले आणि हरले. इशींना सुवर्ण, मामादबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले.

या प्रसंगातील खाशाबांचे मौन आपण खिलाडूवृत्तीचा नमुना म्हणून सांगत आलो. तथापि त्याच वर्षीचा, निवडीच्या वेळचा दुसरा प्रसंग सहसा सांगितला जात नाही. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास यांच्यापेक्षा एक गुण कमी देऊन आपल्याला मुद्दाम डावलले गेले, अशी खाशाबांची तक्रार होती. त्या वेळी ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी त्यांना ऑलिंपिकच्या निवड चाचणीत उतरण्याची संधी मिळवून दिली, आणि तेथे प्रतिस्पर्ध्याला पाडून खाशाबांनी हेलसिंकीचा मार्ग मोकळा केला. याचा अर्थ असा की, ज्या पदकाच्या आधारे आपण खाशाबांच्या मौनाचे गोडवे गातो, ते पदक मुळात एका तक्रारीमुळे शक्य झाले. मद्रासमध्ये बोलणारा आणि हेलसिंकीत न बोललेला मल्ल एकच आहे. त्याचा स्वभाव काही महिन्यांत बदलला नव्हता. फरक एवढाच की, पहिल्या वेळी ऐकणारे कोणी होते, दुसऱ्या वेळी नव्हते.

येथे 'पंच' या शब्दाकडे थोडे थांबून पाहावे. क्रिकेटपासून कुस्तीपर्यंत निर्णय देणाऱ्याला आपण हाच शब्द वापरतो, आणि तो गावगाड्यातून आलेला आहे. 'पंचांमुखी परमेश्वर' म्हणताना पंच एकटा नाही, पाचजण आहेत, आणि त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आहेत, हे गृहीत होते. परमेश्वर त्यांच्या मुखी वसतो, कारण आधी त्यांचे कान उघडे असतात. खेळाच्या मैदानावर येताना या शब्दातला अधिकार तेवढा आला. ऐकून घेण्याची जबाबदारी वाटेतच राहिली.

जुन्या मैदानी कुस्तीत ही उणीव फारशी जाणवत नसे. सांगली जिल्ह्यातील कुंडलसारख्या मैदानात निकाली कुस्ती लागते, तेव्हा हजारो डोळे आखाड्याभोवती असतात. मल्ल चितपट झाला की त्याच्या पाठीला लागलेली माती हाच पुरावा. निकाल लागला नाही, तर कुस्ती बरोबरीत सोडवता येते. कुस्ती गादीवर आली आणि तिला गुणांचे व घड्याळाचे बंधन पडले. आता एका पकडीला दोन गुण की चार, दोन्ही खांदे टेकले की एकच, हे क्षणार्धात ठरते, आणि गादीवर माती नसल्याने पाठीवर काही उरत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांत दृश्यफीत पुन्हा पाहण्याची सोय आली. ही सोय म्हणजे पंचांवरचा अविश्वास नव्हे. मातीने जो पुरावा आपोआप दिला असता, त्याची ती भरपाई आहे.

अहिल्यानगरचा वाद नेमका येथेच पेटला. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकले नव्हते, निर्णयाची फेरतपासणी व्हावी, अशी राक्षे यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही, आणि पुढे जे घडले ते सर्वांनी पाहिले. त्याच संध्याकाळी किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन लढत संपण्याआधीच बाहेर पडले. दोघांवर तीन वर्षांची बंदी घोषित झाली. त्यानंतर सांगली जिल्ह्यातील डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी २००९ च्या स्पर्धेत आपल्यावरही अन्याय झाल्याचे जाहीरपणे सांगितले आणि २००७ व २००८ च्या दोन्ही गदा परत करण्याची घोषणा केली. त्यांचे म्हणणे खरे की खोटे, हा निवाडा आपला नाही. ते सांगायला एका विजेत्याला सोळा वर्षे आणि दुसऱ्याच्या भांडणाचे निमित्त लागावे, हे मात्र नोंदवण्यासारखे आहे.

पंचांवर लाथ उगारणे हे कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही. पण केवळ शिक्षा देऊन प्रश्न मिटतो असेही नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्यूबाचा तायक्वांदो खेळाडू आंहेल मातोस कांस्यपदकाच्या लढतीत जखमी झाला. दुखापतीसाठी दिलेला एक मिनिटाचा अवधी उलटला म्हणून त्याला बाद ठरवण्यात आले. त्याने पंचांच्या तोंडावर लाथ मारली आणि तो आजन्म बंदीला पात्र ठरला. वर्तनाच्या इतिहासात ही घटना नमूद आहे. दुखापतीच्या इतिहासातही ती नमूद व्हायला हवी. निर्णायक लढतीत वर्तन आणि दुखापत या दोन वेगळ्या गोष्टी नसतात. वेदना, थकवा आणि वर्षानुवर्षांची गुंतवणूक एका मिनिटावर येऊन ठेपते, आणि त्या मिनिटाचे घड्याळ दुसऱ्याच्या हातात असते.

हेलसिंकीतला तो अर्धा तासही वस्तुतः शरीराचाच हक्क होता. तो नाकारला गेला याची नोंद आपण 'अन्याय' म्हणून करतो. थकलेल्या शरीराला त्याच क्षणी पुन्हा झुंजवणे म्हणजे त्याला इजेच्या तोंडी देणे होय, हे मात्र आपण विसरतो. खाशाबांची कारकीर्द पुढे दुखापतीनेच थांबली. १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले, आणि गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक त्यांना मुकावे लागले. हेलसिंकीहून परतल्यावर कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. कुस्त्या भरवून त्या उत्पन्नातून खाशाबांनी प्राचार्यांचे घर सोडवूनही दिले होते. गुडघा दुखावला तेव्हा अशी मिरवणूक निघत नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. हयातीत त्यांचे ऐकून घेणारे हेलसिंकीत नव्हते, तसे मायदेशीही फार नव्हते.

आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे केवळ मल्ल पुरवत नाहीत, मोठ्या स्पर्धांचे यजमानही होतात. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी साताऱ्यात झाली. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. या नव्या मल्लांपुढे आपण कोणता आदर्श ठेवणार, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. 'खाशाबांसारखे गप्प राहा' असे सांगणे म्हणजे एका अन्यायाला सद्गुणाचे नाव देणे होय. हेलसिंकीची गोष्ट सांगताना तिच्यासोबत मद्रासचीही सांगावी. खाशाबांनी नियमाने दाद मागितली, ती ऐकली गेली, आणि मग त्यांनी आखाड्यात उत्तर दिले. खिलाडूवृत्तीची व्याख्या करायचीच असेल, तर ती या क्रमाने करावी, आणि त्यातली मधली पायरी मल्लाची नसून आयोजकांची व पंचांची आहे, हे विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगावे.