अंगणांतील शिक्षिका

धाराशिव जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून आज अंगणवाड्या आहेत. तेथील सेविकेचें शिक्षण कसें असावें, या प्रश्नाचें मूळ बरेंच मागें जातें.

गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढलें. तेथें त्यांच्या सहकारी झालेल्या ताराबाई मोडक यांच्यासह त्यांनीं १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला. परंतु माँटेसरी पद्धतीचीं साधनें महाग. तीं सुखवस्तु घरांपुरतींच राहिलीं. म्हणून १९४५ सालीं ताराबाई समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या. अनुताई वाघहि तेथें आल्या. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. शंख, शिंपले, बिया हींच साधनें झालीं. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पसरली. पुढें २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें बारावी झालेल्या सेविकांस सहा महिन्यांचा प्रमाणपत्र-अभ्यासक्रम, व त्याहून कमी शिकलेल्यांस एका वर्षाची पदविका सुचविली.

प्रमाणपत्र अवश्य असावें. त्यानें सेविकेच्या कामास मान मिळेल. मात्र बोर्डीची कसोटी त्यांत राहावी: मूल आलें नाहीं, तर शिक्षिका त्याच्या अंगणांत जाते काय?