गाडीचा कणा

जुन्या मोटारी हौसेनें जतन करणाऱ्या मंडळींत एक प्रश्न नेहमीं चर्चिला जातो. जुन्या गाडीचा मागला आंस काढून त्याच्या जागीं दुसरा, अधिक भक्कम आंस बसवावा काय? प्रश्न यंत्रशाळेंतला दिसतो. परंतु त्याचा इतिहास यंत्रशाळेपेक्षां फार जुना आहे. आमच्या धाराशिव जिल्ह्यानें हाच प्रश्न बैलगाडीच्या रूपानें सोडविला, आणि दर वेळीं त्याची किंमत कोणाला ना कोणाला मोजावी लागली. त्या इतिहासाची ओळख आज आपणांस करून द्यावी, असा माझा हेतु आहे.

आरंभ तेरपासून करावयास हवा. तेरणेच्या कांठचें हें गांव म्हणजेच प्राचीन तगर, असें फ्लीट या विद्वानानें दाखवून दिलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्यानें ‘पेरिप्लस’ नांवाचें प्रवासवर्णन लिहून ठेवलें आहे. त्यांत तगराचा उल्लेख येतो. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें मोठें नगर आहे, तेथील साधें कापड व मलमल भडोचच्या बंदरास जाते, आणि हा माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलुखांतून नेला जातो, असें तो सांगतो. म्हणजे वाट नाहीं पण गाडी आहे, अशी स्थिति आमच्या जिल्ह्याला दोन हजार वर्षांपूर्वींच ठाऊक होती.

परंतु अशा मुलुखांत गाडी चालविणें सोपें नव्हे. एका बाजूस बालाघाटाचे खडकाळ उतार, दुसऱ्या बाजूस मांजरा व तेरणा यांच्या खोऱ्यांतील काळी चिकण जमीन. पहिला पाऊस पडला, कीं चाक तुंब्यापर्यंत रुतावें. म्हणून पुढील काळांत घाटावरचा बराचसा माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. मीठ वर यावें, धान्य खालीं जावें, आणि हजारों बैलांचे तांडे महिनेच्या महिने वाट तुडवीत राहावेत, असा तो व्यापार होता. पाठीवरच्या गोणीला ना चाक लागतें, ना कणा. मात्र एका बैलाच्या पाठीवर मावून मावून किती मावणार?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दख्खनेंत ज्या थोड्या मालगाड्या होत्या, त्या फार बोजड असत. कित्येकांचीं चाकें तर अखंड दगडाचीं असत. अशी गाडी ओढावयास दोन बैल पुरत नसत. बैलांच्या अनेक जोड्या लागत. सन १८३५-३६ मध्यें इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांची प्रसिद्ध जमीन-पाहणी सुरू झाली. त्याच सुमारास पाहणीखात्यांतील लेफ्टनंट गेस्फर्ड यानें दोन बैलांना ओढतां येईल अशा हलक्या गाडीचा नमुना तयार केला, आणि सोलापुराकडील टेंभुर्णी येथें तशा गाड्यांचा कारखाना निघाला. टेंभुर्णी आमच्या परंड्याहून फार दूर नाहीं. तेव्हां धाराशिवचा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, पण मालाला राज्याची सीमा अडवीत नाहीं. बालाघाटावरचा कापूस बार्शीच्या पेठेंत जाई, आणि त्याच वाटेनें नवी गाडीहि वर आली.

पुढें आऱ्यांचें चाक आणि लोखंडी आंस यांचा प्रसार झाला. लोखंडी आंसानें नेमका काय फरक पडतो, हें समजून घेण्यासारखें आहे. लांकडी कणा भार सोसण्यासाठीं जाड ठेवावा लागतो. कणा जाड, म्हणून तुंब्याचें भोंकहि मोठें; आणि जेथें लांकूड लांकडावर घासतें, ती जागा चाकाच्या मध्यापासून दूर. शाळेंत तरफेचा धडा शिकवितांना मी मुलांना हेंच उदाहरण देत असें. घर्षण मध्यापासून जितकें दूर, तितकें तें चाकाला अधिक अडवितें. लोखंडाचा आंस बारीक असूनहि तोच भार पेलतो. त्यामुळें घर्षण मध्याजवळ येतें, वंगण टिकतें आणि गाडी हलकी धांवते. बाभळीच्या कण्याच्या पोटांत लोखंडाचा आंस बसविणें, हें काम आमच्या सुतार-लोहारांनीं सहज आत्मसात केलें. जुनी गाडी मोडावी लागली नाहीं. तिचा कणा तेवढा पालटला.

आतां गंमत पाहा. आंस बळकट झाला, म्हणून गाडीवान जास्त माल भरूं लागला. माल वाढला, तशी चाकाची लोखंडी धाव जमिनींत खोल जाऊं लागली आणि वाटांना चाकोऱ्या पडल्या. म्हणजे आतां वाट अपुरी ठरली. सन १८५३ मध्यें हा मुलूख इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं गेला आणि १८६० मध्यें निजामाकडे परत आला. या मधल्या काळांत, पहिलीं कांहीं वर्षें, नळदुर्ग येथें फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी होता. कादंबरीकार म्हणून तो आपणांस परिचित आहे. परंतु येथें त्यानें जमीन-मोजणीइतकेंच लक्ष रस्त्यांकडे दिलें. १८६० मध्यें सोलापुरास आगगाडी पोहोंचली, आणि घाटावरच्या गाड्यांचीं तोंडें रेल्वेस्थानकांकडे वळलीं. लमाणांच्या तांड्यांचा व्यापार मात्र बसला. या सुधारणेची पहिली किंमत त्यांनीं मोजली.

याच ठिकाणीं एक निराळा विचार करणारा माणूस आमच्या भागांत आला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनें अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे बांधली. १८९७ मध्यें ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धांवूं लागली, आणि पुढें येडशी-ढोकीवरून १९११ मध्यें लातुरास गेली. कॅलथ्रॉपनें आंस अधिकाधिक भक्कम करण्याचा मार्ग धरला नाहीं. कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार येतां कामा नये, असा त्यानें नियम घातला आणि भार अधिक आंसांवर वांटला. त्यामुळें हलके रूळ पुरले, खर्च बेताचा राहिला, आणि ज्या मुलखांत मोठी रेल्वे आलीच नसती तेथें लहान रेल्वे आली. जवळ जवळ शंभर वर्षें तिनें आमच्या जिल्ह्याची सेवा केली. २००८ पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर हा मार्ग रुंदमापी झाला, आणि जुन्या मार्गानें बाजूला राहिलेलें धाराशिव शहर रेल्वेवर आलें.

बैलगाडीची गोष्ट मात्र पुढें चालूच राहिली. विसाव्या शतकांत रबरी टायर व बॉल-बेअरिंगचा आंस आला, आणि आमच्याकडे ‘टायरगाडी’ रूढ झाली. साखर कारखान्यांच्या हंगामांत ऊस वाहणारी हीच गाडी. ती खरोखर हलकी धांवते. ओझ्याच्या जनावरांसंबंधींच्या १९६५ च्या नियमांत दुचाकी बैलगाडीवर किती भार घालावा, हें आंस व चाक पाहून ठरविलें आहे. साध्या चाकांच्या गाडीस जो भार मान्य, त्याच्या दीडपट टायरगाडीस, आणि बॉल-बेअरिंग असल्यास दुप्पट. हिशेब गाडीच्या बाजूनें बिनचूक आहे. परंतु सपाट वाटेवर जो भार सहज धांवतो, तोच चढावर बैलांच्या मानेवर येतो आणि उतारावर त्यांना मागून रेटतो. कण्याला बॉल-बेअरिंग मिळालें. बैलाच्या खांद्याला जूं तें जूंच राहिलें.

मोटारीचाहि नियम निराळा नाहीं. हलक्या मोटारींत बहुधा मागल्या आंसाची एकच दांडी चाक फिरविते आणि गाडीचें वजनहि पेलते. ती मोडली तर चाकच निखळण्याचें भय. मोठ्या मालमोटारींत वजन बाहेरच्या नळकांड्यावर असतें आणि आंतली दांडी फक्त चाक फिरविते. म्हणून जुन्या मोटारींत जोरकस इंजिन घालणारे लोक भक्कम आंस शोधतात, तें योग्यच आहे. पण नव्या आंसाची लांबी, कमानींच्या बैठका, ब्रेक आणि दांतेचक्रांचें प्रमाण जुळलें नाहीं, तर आंस टिकेल आणि दुसरें कांहीं तरी मोडेल. जड आंसानें धक्केहि अधिक बसतील.

दोन हजार वर्षांच्या या वाटचालींत आपणांस एकच गोष्ट पुनःपुन्हां दिसते. कणा बळकट केल्यानें ओझें नाहींसें होत नाहीं; तें पुढच्या अवयवावर सरकतें. तें कधीं चाकावर गेलें, कधीं रस्त्यावर, कधीं लमाणाच्या पोटावर, तर कधीं बैलाच्या मानेवर. यास्तव गाडी सुधारणारानें, मग तो सुतार असो कीं इंजिनिअर, नवा कणा बसविण्यापूर्वीं एवढें अवश्य विचारावें, कीं हा भार आतां कोण वाहणार? ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्यावर तो जाणार असेल, तर गाडींतला माल थोडा कमी भरावा, हेंच शहाणपणाचें.