पदकाच्या कडेवरचे नाव

लखनौच्या चौकातील सराफ्यात आमचे गलाई-बांधव जुनी चांदी गाळतात. त्या चांदीत १९१४-१८ च्या महायुद्धातील एखादे पदकही येऊ शकते. त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते.

तेथे ‘११० मराठा’ आढळले, तर वाट सापडली. ही पलटण मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौज शरण गेली. १९२२ मध्ये तीच पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण झाली. याच पलटणीतील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले.

पदकावर गाव मात्र नसते. ते घरातील वडीलधाऱ्यांनाच विचारावे लागते. म्हणून आमची विनंती एवढीच, की मुशीत टाकण्यापूर्वी कड वाचावी. चांदी पुन्हा मिळेल; नाव मिळणार नाही.