राज्य नसलेल्या राष्ट्राचे दालन

इ. स. १९०० मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनास सुमारे ५ कोटी लोकांनी भेट दिली. सेन नदीच्या काठी देशोदेशीची दालने ओळीने उभी होती. त्यांत फिनलंडचेही एक छोटेसे दालन होते. वस्तुतः फिनलंड तेव्हा स्वतंत्र देशच नव्हता. १८०९ पासून तो रशियन साम्राज्याच्या अंकित होता आणि फेब्रुवारी १८९९ मध्ये झार दुसरा निकोलस याने जाहीरनामा काढून त्याच्या स्वायत्ततेवर घाला घातला होता. अशा वेळी या लहान समाजाने कलेच्या द्वारे आपले अस्तित्व जगापुढे मांडले.

गेझेलियस, लिंडग्रेन आणि सारिनेन या तीन तरुण वास्तुविशारदांनी रचलेले ते दालन दुरून चर्चसारखे भासे. धर्मसुधारणेपूर्वी, तो देश कॅथलिक असताना, खेडोपाडी बांधलेली दगडी चर्चेस हाच त्याचा नमुना होता. सजावटीत मात्र तेथील अरण्यातली अस्वले, खारी आणि सूचिपर्णी वृक्षांची फळे होती. घुमटाखाली गालेन-कालेला या चित्रकाराने ‘कालेवाला’ महाकाव्यातील प्रसंग रंगविले. सर्पांनी भरलेले शेत नांगरणारा लोहार इल्मारिनेन पाहून फिनिश माणसाला आपल्या देशाची स्थिती आठवल्यावाचून राहिली नसेल.

आतल्या एका खोलीत साधे लाकडी सामान, मातीची भांडी आणि बाकावरून थेट जमिनीपर्यंत उतरलेले, ज्वालांच्या नक्षीचे लोकरी विणकाम मांडले होते. असे गाठींचे विणकाम शेतकरी कुटुंबे पूर्वी पांघरूण म्हणून वापरीत. घरातली ही वस्तू आता राष्ट्राची खूण झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हे सामान घडविणाऱ्या ‘आयरिस’ कारखान्याचा संस्थापक लुई स्पार हा स्वीडिश होता. तेथील कुंभारकामाचा प्रमुख फिंच ब्रसेल्समध्ये जन्मलेला. खुद्द गालेन-कालेलाची मातृभाषा स्वीडिश. त्याने आपले नाव फिनिश वळणाचे केले ते १९०७ मध्ये. म्हणजे ज्याला आपण ‘अस्सल राष्ट्रीय’ म्हणतो, ते रक्ताने आपोआप लाभत नाही. ते प्रेमाने निवडावे लागते, श्रमाने घडवावे लागते, आणि त्या कामी परका हातही आपला होतो.

प्रदर्शन संपल्यावर दालन पाडण्यात आले. १९०२ मध्ये आयरिस कारखानाही बंद पडला. ६ डिसेंबर १९१७ रोजी फिनलंड स्वतंत्र झाला; आणि १९२८ मध्ये गालेन-कालेलाने ‘कालेवाला’चे प्रसंग हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या छतावर पुन्हा रंगविले. या वेळी त्यांच्यावर स्वतःचे राज्य असलेल्या राष्ट्राचे छप्पर होते.